भारतीय भूसेनेतील हेलिकॉप्टर वैमानिक

भारतीय भूसेनेतील हेलिकॉप्टर वैमानिक हे आर्मी एव्हिएशन कोअर या शाखेत उड्डाणाचे काम करणारे अधिकारी होत. त्यांच्यापैकी अनेकांनी आधी तोफखाना, पायदळ, हवाई संरक्षण दल यांसारख्या अन्य शाखांत सेवा केलेली असते. त्यानंतर स्वेच्छेने अर्ज करून व निवडचाचणी देऊन ते उड्डाणाकडे वळतात. त्यांचे प्रशिक्षण नाशिक रोड येथील कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल या संस्थेत होते.

इतिहास
शाखा बदलून वैमानिक होण्याची परंपरा या दलाच्या उगमापासूनची आहे. दूरवर डागलेला तोफगोळा नेमका कोठे पडला, हे तोफेजवळून दिसत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात हलक्या विमानांतून माऱ्याचे निरीक्षण करणाऱ्या 'एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट' तुकड्या उभारण्यात आल्या. या तुकड्या ब्रिटिश हवाईदलाच्या असल्या, तरी त्यांचे वैमानिक तोफखान्याचे अधिकारी असत. भारतात अशी पहिली तुकडी ऑगस्ट १९४७ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीच्या ऑस्टर विमानांची जागा पुढे चेतक व चीता हेलिकॉप्टरांनी घेतली. १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर ही स्वतंत्र शाखा अस्तित्वात आली. १० ऑक्टोबर २०१९ रोजी नाशिक रोड येथे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तिला राष्ट्रपती-ध्वज प्रदान करण्यात आला.

निवड
भूसेनेत वैमानिकाचे काम केवळ अधिकाऱ्यांनाच मिळते. उमेदवाराला वैमानिक अभिक्षमता चाचणी आणि कठोर वैद्यकीय तपासणी यांतून जावे लागते. हात, डोळे व पाय यांचा मेळ, तसेच उपकरणांवरील नोंदी झटपट वाचण्याची क्षमता या चाचणीत पाहिली जाते. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. अनुत्तीर्ण उमेदवाराला दुसरी संधी नसते. त्यामुळे मूळ शाखेतील कामगिरी कितीही उत्तम असली, तरी केवळ तिच्या बळावर वैमानिक होता येत नाही.

प्रशिक्षण
हेलिकॉप्टर चालवताना दोन्ही हात व दोन्ही पाय एकाच वेळी गुंतलेले असतात. डाव्या हाताकडील 'कलेक्टिव्ह' दांड्याने सर्व पात्यांचा कोन एकदम बदलून हेलिकॉप्टर वर-खाली नेले जाते. उजव्या हातातील 'सायक्लिक' दांड्याने ते पुढे, मागे वा बाजूला झुकवले जाते. पायांखालील पॅडल शेपटीच्या पंख्यावर नियंत्रण ठेवून नाकाची दिशा राखतात. एक नियंत्रण हलवले, की उरलेली दोन्ही सावरावी लागतात. सियाचीनसारख्या उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने पात्यांना मिळणारी उचल घटते. म्हणून तेथे किती वजन न्यायचे, याचा काटेकोर हिशेब करावा लागतो.

अशा वैमानिकाला पूर्वीच्या सेवेचा उपयोग होतो. जखमी सैनिकांना हलवणे, चौक्यांना रसद पोहोचवणे, माऱ्याचे निरीक्षण करणे ही कामे जमिनीवरील तुकडीसाठीच असतात आणि त्या तुकडीची निकड त्याने स्वतः अनुभवलेली असते.

महिला अधिकारी
पूर्वी या शाखेत महिला अधिकाऱ्यांकडे हवाई वाहतूक नियंत्रण व जमिनीवरील कामेच सोपवली जात. २०२१ मध्ये दोन महिला अधिकाऱ्यांची वैमानिक प्रशिक्षणासाठी निवड झाली. मूळच्या हरियाणातील कॅप्टन अभिलाषा बराक २०१८ मध्ये आर्मी एअर डिफेन्स कोअरमध्ये दाखल झाल्या होत्या. नाशिकमधील प्रशिक्षण पूर्ण करून २५ मे २०२२ रोजी त्या भूसेनेच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या.

अन्य देशांत
अमेरिकेच्या भूसेनेत बहुसंख्य हेलिकॉप्टर वैमानिक 'वॉरंट ऑफिसर' दर्जाचे असतात. तेथे साध्या सैनिकालाही निवड झाल्यास तो दर्जा मिळवून वैमानिक होता येते. भारतात मात्र सैनिकाला आधी अधिकारीपद मिळवावे लागते.