वारीला निघण्याआधी: कॉलऱ्याची लस, पाणी आणि ओआरएस



१६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत आपली मासेमारी बंद राहते. जाळी धुवून वर टांगली की आपल्या पांढुर्णा-सौंसरचे बरेच जण प्रवासाला निघतात. कोणी आषाढीला पंढरपूर, कोणी कामासाठी नागपूरकडे, कोणी पाहुण्यांकडे. मागच्या बैठकीत एका ताईनं विचारलं, "भाऊ, वारीला जाचं तर हैज्याची लस घ्या लागते का?" प्रश्न चांगला होता, म्हणून सगळ्यांसाठी लिहितो.

हैजा म्हणा, पटकी म्हणा की कॉलरा, रोग एकच. रोग्याच्या शौचातून जंतू पाण्यात जातात आणि त्या पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या पोटात. जुना रोग आहे, आता कुठं राहिला, असं समजू नका. जुलै २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला आणि माणसं दगावली.

लसीचं काय?

सक्ती नाही. जुन्या लोकांना यात्रेआधी टोचलेली सुई आठवत असेल. तिचा असर थोडेच महिने टिकायचा. परदेशी जाणाऱ्यांसाठीची कॉलरा लसीच्या दाखल्याची अटसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेनं १९७३ मध्ये काढून टाकली.

आता तोंडानं घ्यायची लस आहे. २०२४ मध्ये हैदराबादच्या भारत बायोटेकनं 'हिलकॉल' नावाची लस आणली. एक वर्षावरच्या कोणालाही देता येते. दोन डोस, मध्ये १४ दिवस. दुसऱ्या डोसनंतर आठ-दहा दिवसांनी शरीर तयार होतं. म्हणजे उद्या निघायचं आणि आज लस घ्यायची, असं जमत नाही. निदान महिनाभर आधी डॉक्टरला विचारा. नेहमीच्या सरकारी लसीकरणात ही लस नाही, म्हणून कुठं मिळते तेही त्यांनाच विचारा. गरोदर बाई किंवा मोठा आजार असलेल्यांनी डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

लस घेतली म्हणजे कवच मिळालं असं नाही. कोलकात्याच्या वस्त्यांत २००६ मध्ये अशाच तोंडी लसीचे दोन डोस दिले होते. पाच वर्षांत कॉलरा सुमारे ६५ टक्के कमी झाला. चांगलंच आहे, पण शंभर टक्के नाही. लहान लेकरांत असर कमी दिसला. आणि बाकीच्या जुलाबांवर या लसीचा भरवसा धरता येत नाही. म्हणून पाणी सांभाळायलाच लागते.

प्रवासात पाणी

आपल्याला एक गोष्ट लवकर समजेल. तलावात मत्स्यबीज ज्या बारीक जिवांवर वाढतं, तशाच जिवांना कॉलऱ्याचे जंतू चिकटून राहतात. त्यामुळं नितळ दिसणारं पाणी शुद्ध असतंच असं नाही. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या चार-पाच घड्या करून पाणी गाळलं, तर कॉलरा जवळपास निम्मा झाला. पण गाळण्यावर थांबू नका:

१. पाणी उकळून घ्या. जमत नसेल तर क्लोरीनची गोळी टाका, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, मगच प्या.
२. उघड्यावरची कापलेली फळं, बर्फ, गार झालेलं अन्न नको. गरम असेल तेच खा.
३. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणानं हात धुवा.
४. नदी-तलावाच्या काठावर शौचाला बसू नका. काही जणांना लागण होऊनही त्रास होत नाही, पण जंतू बाहेर पडत राहतात.

जुलाब लागलेच तर

आपल्याकडं अजून म्हणतात, "हगवण लागली, पाणी बंद करा." हीच चूक जीव घेते. पेजेसारखे पांढरट, पाण्यासारखे जुलाब सुरू झाले तर काही तासांत माणूस कोरडा पडतो. १९७१ मध्ये बांगलादेशच्या लढाईवेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

ओआरएसची पुडी एक लिटर शुद्ध पाण्यात पूर्ण घोळा आणि थोडं थोडं पाजत राहा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग परत चमच्या-चमच्यानं सुरू करा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, माणूस सुस्त पडला, तर घोळ पाजत पाजत लगेच दवाखाना गाठा.

म्हणून निघताना पिशवीत टाळ-चिपळ्यांसोबत चार पुड्या ओआरएसच्या आणि क्लोरीनच्या गोळ्या ठेवा. गावातल्या आशाताईला ओआरएस मागा. आणि हे वाचून झालं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढं नक्की सांगा: जुलाबात पाणी तोडायचं नाही, पाजायचं.

रामकृष्ण हरी.
— सचिव