नेम धरणाऱ्या पाचरी

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कबुली देते.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी हिशेबात पटाईत. गोष्ट सांगायला उभा राहिला की सगळा वर्ग चिडीचूप! पण पुस्तक उघडलं की स्वारीचा डावा हात लगेच डाव्या डोळ्यावर जायचा. एक डोळा झाकून तो वाचायचा, तेही अडखळत, मधल्या ओळी गाळत. मला वाटलं, चाळे करतोय. मी दोन-तीनदा रागावले. एकदा तर सगळ्यांसमोर त्याला हात खाली घ्यायला लावला. तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाई, दोन्ही डोळे उघडे ठेवले ना, की ओळी एकमेकींवर चढतात."

मग मात्र मी चपापले. त्याच्या आईला बोलावून घेतलं आणि आम्ही तिघं तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

तिथे मोठी गंमत पाहिली. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांसमोर फुलपाखराच्या पंखांसारखं दिसणारं एक यंत्र आणलं. समोर भिंतीवर अक्षर होतं एकच, पण यंत्रातून त्याला दिसत होती दोन. एक वर आणि एक खाली, जरा बाजूला. डॉक्टर यंत्रावरची छोटीशी चकती हळूहळू फिरवू लागले. "बाळा, दोन्ही अक्षरं बरोबर एकाखाली एक आली की सांग हं." चकती फिरत होती, तसतसं अक्षर सरकत होतं. "आली!" तो ओरडला. डॉक्टरांनी चकतीवरचा आकडा वाचून लिहून घेतला. त्याच्या दोन डोळ्यांचा नेम एकमेकांपासून किती चुकतोय, ते त्या आकड्यावरून कळलं. जवळचं वाचताना आपले दोन्ही डोळे किंचित आत वळतात आणि एकाच अक्षरावर नेम धरतात. त्याच्या डोळ्यांना तेच जड जात होतं. एक डोळा झाकला की भांडणच मिटायचं!

मला राहवेना. विचारलं, "डॉक्टर, या चकतीत आहे तरी काय?"

ते हसून म्हणाले, "काही नाही हो बाई, काचेच्या दोन पाचरी!"

घरी आल्यावर मी या पाचरींबद्दल मिळेल ते वाचत गेले. आणि काय सांगू, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या याच पाचरी आज लेझरच्या झोतालाही नेम धरायला मदत करतात! कशा, ते आता पाहू या.

काचेची पाचर

कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की सुतारकाका काय करतात? फटीत लाकडाचा एक तुकडा ठोकतात. तो एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळता असतो. तीच पाचर. आता काचेची एक गोल चकती डोळ्यांसमोर आणा. एका कडेला जाड आणि समोरच्या कडेला पातळ. झाला आपला पाचरी लोलक! प्रयोगशाळेतला तिकोनी लोलक तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. हा त्याचाच भाऊ, पण इतका चपटा की सहज बघितलं तर साधी काचच वाटावी.

प्रकाशाचा किरण हवेतून काचेत तिरपा शिरला की वळतो आणि काचेतून तिरपा बाहेर पडतानाही वळतो. याला म्हणतात प्रकाशाचं अपवर्तन. खिडकीच्या काचेच्या दोन्ही बाजू समांतर असतात, त्यामुळे पहिलं वळण दुसऱ्या वळणाने खोडलं जातं. पाचरीच्या बाजू समांतर नसतात, म्हणून थोडं वळण शिल्लक राहतं आणि किरण जाड बाजूकडे झुकतो.

किती झुकतो? साध्या काचेच्या पातळ पाचरीसाठी एक सोपा ठोकताळा आहे. दोन बाजूंमध्ये जेवढा कोन, त्याच्या साधारण निम्मा. पाचर ४ अंशांची असेल तर किरण २ अंशांनी वळणार. दिसायला हे काहीच नाही. पण १० मीटर अंतरावरच्या भिंतीवर बघा, ठिपका तब्बल ३५ सेंटिमीटर सरकलेला असतो!

लेझीम नव्हे, लेझर!

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मायमन या शास्त्रज्ञाने माणकाची कांडी वापरून जगातला पहिला लेझर चालवला. विजेरीचा प्रकाश पुढे जाता जाता पसरत जातो. लेझरचा झोत मात्र बारीक दोऱ्यासारखा दूरवर जातो. शिवाय तो एकाच रंगाचा असतो. सूर्याचा पांढरा प्रकाश लोलकातून गेला की त्याचे सात रंग वेगळे होतात, कारण प्रत्येक रंग थोडा कमीजास्त वळतो. लेझरमध्ये रंगच एक, मग फाटाफूट कसली? सगळा झोत एकत्र वळतो. म्हणूनच लेझरची आणि पाचरीची छान गट्टी जमते.

आता ही पाचर झोतासमोर धरा आणि जात्यासारखी जागच्या जागी गोल फिरवा. जाड बाजू फिरेल तसा ठिपकाही फिरेल आणि भिंतीवर एक वर्तुळ काढेल. पण फक्त वर्तुळच! ठिपका वर्तुळाच्या आत आणायचा असेल तर एकटी पाचर हात टेकते. तिला जोडीदारीण हवी.

दोन पावलांचा खेळ

हे समजायला मैदानावर चला. मध्यभागी उभे राहा. नियम असा की बरोबर दोन पावलं टाकायची. दोन्ही सारख्याच लांबीची, पण दिशा तुमच्या मर्जीची. दोन्ही पावलं एकाच दिशेला टाकली तर तुम्ही सगळ्यात लांब पोहोचता. दुसरं पाऊल पहिल्याच्या बरोबर उलट टाकलं तर पुन्हा घरी! आता दोन पावलांएवढी त्रिज्या घेऊन एक वर्तुळ आखा आणि मैत्रिणीला त्यात कुठेही चिंचोका ठेवायला सांगा. बरोबर दोन पावलांत तुम्ही तिथे पोहोचू शकता का? करून बघा. प्रत्येक वेळी पोहोचाल!

आपल्या काचेच्या पाचरी म्हणजे हीच दोन पावलं. एकीमागे एक ठेवलेल्या दोन पाचरींच्या जाड बाजू एकाच दिशेला आणल्या की वळणांची बेरीज होते. २ आणि २ मिळून ४ अंश, म्हणजे आपल्या भिंतीवर साधारण ७० सेंटिमीटर. जाड बाजू एकमेकींच्या उलट आणल्या की वजाबाकी होऊन शून्य, झोत सरळ. इतर वेळी ठिपका या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. दोन पाचरींमधली तफावत ठरवते की किती लांब जायचं. मग दोघींना मिळून फिरवलं की ठरतं, कोणत्या दिशेला जायचं. लेझर जागचा हलत नाही, पाचरीही फक्त स्वतःभोवती फिरतात, आणि तरी वर्तुळातला प्रत्येक बिंदू आपल्या हाती!

दोन्ही पाचरी अगदी सारख्या हव्यात बरं का. तुमचं एक पाऊल मोठं आणि दुसरं लहान असेल, तर दोन पावलांत परत घरी येता येईल का? नाही ना? तसंच एक पाचर जास्त वळवणारी असेल तर झोत मधोमध आणताच येत नाही. मध्ये एक छोटं वर्तुळ कायम हुकतं.

या जोडीला रिझ्ली लोलक म्हणतात. सॅम्युअल रिझ्ली हे अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातले डोळ्यांचे डॉक्टर. १८८९ साली त्यांनी आपल्या फिरत्या लोलकाची माहिती अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांपुढे मांडली. रोग्यांच्या डोळ्यांचा नेम मोजणं, एवढंच त्यांच्या मनात होतं. लेझर जन्माला यायला तेव्हा ७१ वर्षं अवकाश होता!

मग आरसा का नको?

तुमच्यातला एखादा चौकस म्हणेल, "बाई, एवढा खटाटोप कशाला? आरसा तिरका केला की झालं!" खरं आहे. आरशानेही झोत वळवतात. पण आरशाची एक खोड आहे. तो १ अंश हलला की झोत २ अंश हलतो. म्हणजे १० मीटरवर ठिपका ३५ सेंटिमीटर उडी मारणार. जरा धक्का लागला तरी नेम गेलाच!

आपली २ अंश वळवणारी पाचर १ अंश फिरवली तर ठिपका किती सरकेल? जेमतेम ६ मिलिमीटर! आहे की नाही कमाल? हाताने भरपूर फिरवायचं, तेव्हा ठिपका थोडासाच सरकतो. बारीक नेमासाठी याहून चांगलं काय हवं?

आणि लांब अंतरावर नेम फारच बारीक लागतो. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. पृथ्वीवरून चंद्राकडे सोडलेल्या झोताचा नेम १ अंशाने चुकला, तर तो तिथे सुमारे ६,७०० किलोमीटर बाजूला जाईल. अख्खा चंद्रच हुकेल, कारण त्याचा व्यास आहे ३,४७४ किलोमीटर!

लगोरी आकाशातली

लगोरी खेळताना पळणाऱ्या गड्याला चेंडू कसा मारता? तो आहे तिथे नाही, तर तो जिथे पोहोचणार तिथे. थोडा पुढे! शास्त्रज्ञही अशीच लगोरी खेळतात, उपग्रहांशी.

१९७६ साली लॅजिओस नावाचा उपग्रह सोडला गेला. ६० सेंटिमीटर व्यासाचा हा गोळा जमिनीपासून सुमारे ५,९०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतो. प्रकाश आला त्याच वाटेने परत पाठवणारे ४२६ परावर्तक त्याच्या अंगभर बसवलेले आहेत. जमिनीवरून लेझर सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. पृथ्वीचे भूखंड कसे सरकतात, हे अशा मोजमापांतून समजतं.

अडचण एकच. उपग्रह दिसतो तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागापूर्वीचा, कारण त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला तेवढा वेळ लागतो. आपला झोत वर जायलाही तेवढाच वेळ लागणार. तेवढ्यात तो पठ्ठ्या सव्वादोनशे मीटर पुढे गेलेला असतो! म्हणून दुर्बीण बघते तिथे लेझर न मारता किंचित पुढे मारायचा. किती पुढे? एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यातले जेमतेम ८. अमेरिकेत 'नासा'च्या गोडार्ड केंद्रात उभारलेल्या एका उपग्रहमापन यंत्रणेत हा नेम पुढे नेण्याचं काम रिझ्ली जोडीकडेच सोपवलं होतं.

दुसरं उदाहरण जमिनीवरचं. स्वतः रस्ता ओळखणारी वाहनं आणि मोजणी करणारी ड्रोन विमानं लायडार नावाचा डोळा वापरतात. तो लेझरचे ठिपके चहूकडे फेकतो आणि परत आलेल्या ठिपक्यांवरून समोरचं झाड किती दूर, भिंत किती दूर ते ओळखतो. २०१९ साली आलेल्या लिव्हॉक्स मिड-४० या लायडारमध्ये दोन पाचरी वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि लेझरचा ठिपका फुलाच्या पाकळ्यांसारखी नक्षी काढत जातो. नक्षी दर वेळी जरा सरकते. त्यामुळे आधी सुटलेल्या जागाही भरत जातात. दिवाळीत तुमची ताई पाकळीशेजारी पाकळी काढत रांगोळी भरते ना, अगदी तस्सं!

घरी करून बघा

या प्रयोगाला लेझर नको. सपाट तळाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात तीन-चार बोटं पाणी भरा. फरशीच्या दोन लाद्यांमधल्या रेघेवर डबा गुडघ्याएवढ्या उंचीवर धरा आणि वरून सरळ खाली बघा. डबा सपाट असेल तर पाण्यातून दिसणारी रेघ बाहेरच्या रेघेला जोडलेली दिसेल. आता डब्याची एक बाजू थोडी उचला. पाण्याची वरची बाजू आडवीच राहिली, तळ तिरपा झाला. झाली की नाही पाण्याची पाचर! आतली रेघ तुटून बाजूला सरकलेली दिसेल. मग डबा तसाच तिरपा ठेवून दिशा बदलत जा. रेघ कधी जास्त तुटेल, कधी पुन्हा जुळेल. डॉक्टरांच्या चकतीत हेच चाललेलं असतं. (सांडलेलं पाणी स्वतः पुसायचं, आईला कामाला लावायचं नाही!)

आणि एक कडक सूचना. जत्रेत मिळणारा लेझर हे खेळणं नाही. कुणाच्याही डोळ्यांवर, वाहनांवर, विमानांवर तो कधीच मारू नका. आरशावरही नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला झालेली इजा पुन्हा भरून येईलच असं नाही.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. मूल वाचताना एक डोळा झाकत असेल, मान तिरकी करत असेल, ओळी गाळत असेल, तर रागावण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या. ही चूक मी केली आहे, म्हणून सांगते.

तो मुलगा? डॉक्टरांनी दिलेले डोळ्यांचे व्यायाम त्याने नेटाने केले. सहामाही परीक्षेनंतर एक दिवस त्याने आपणहून धडा वाचायला हात वर केला. हो, तोच डावा हात! मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो नुसता हसला आणि दोन्ही डोळ्यांनी वाचू लागला.