शस्त्रक्रियेतील आणि मासेमारीतील गाठी

जखम शिवताना, रक्तवाहिनी बांधताना, जाळे विणताना किंवा गळ दोरीला जोडताना धाग्याला मारल्या जाणाऱ्या गाठींना अनुक्रमे शस्त्रक्रियेतील गाठी व मासेमारीतील गाठी असे म्हणतात. दोन्ही क्षेत्रांत धागा बारीक, ओला आणि बहुधा निसरडा असतो. गाठ सुटल्यास एकीकडे अंतर्गत रक्तस्राव होऊ शकतो, तर दुसरीकडे हाती आलेली मासळी निसटते किंवा जाळे निकामी होते. त्यामुळे दोन्हीकडे मोजक्या व पारखलेल्या गाठी वापरल्या जातात. त्यांपैकी काही गाठी समान आहेत, काहींचे नाव सारखे पण रचना भिन्न आहे, तर काही गाठी एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात गेल्या आहेत. सोलापूर जिल्ह्यात विणकाम, मासेमारी व वैद्यकीय शिक्षण ही तिन्ही क्षेत्रे असल्याने या गाठींचे परस्परसंबंध तेथे एकत्र पाहता येतात.

गाठ कशी टिकते

गाठ घर्षणामुळे टिकते. धागा स्वतःभोवती वळतो तेव्हा एक भाग दुसऱ्या भागाला दाबतो. ताण वाढला की हा दाब व त्याबरोबर घर्षणही वाढते. चांगल्या गाठीत ताण वाढल्यावर पकड अधिक घट्ट होते, तर सदोष गाठीत ताण वाढल्यावर धागा सरकू लागतो.

मराठीत सहज सुटणाऱ्या गाठीला सुरगाठ आणि सहज न सुटणाऱ्या गाठीला निरगाठ म्हणतात. शस्त्रक्रियेतील व मासेमारीतील बहुतेक गाठी शेवटी निरगाठीच असतात. त्या सोडवल्या जात नाहीत, कापल्या जातात.

प्रत्येक गाठ धाग्याला काही प्रमाणात कमकुवत करते. तीव्र वळणावर धाग्याच्या बाहेरच्या बाजूवर अधिक ताण येतो, म्हणून अखंड धागा तुटताना बहुधा गाठीजवळच तुटतो.

इतिहास

मासेमारीच्या जाळ्यांचा इतिहास अतिप्राचीन आहे. १९१३ मध्ये तत्कालीन फिनलंडमधील अँट्रिया येथे सापडलेले विलो वृक्षाच्या सालीच्या तंतूंचे जाळे सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे मानले जाते.

सुश्रुतसंहितेत जखम शिवण्यासाठी ताग, जवस, झाडाच्या सालीचे तंतू, स्नायू व केस यांपासून केलेल्या धाग्यांचा उल्लेख आहे. ग्रीक वैद्य हेराक्लास याने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास शस्त्रक्रियेत व हाडे बसवताना वापरायच्या १८ गाठी व फासांचे वर्णन केले. ते चौथ्या शतकातील वैद्य ओरिबेसियस याच्या संकलनामुळे टिकून राहिले. रोमन लेखक थोरला प्लिनी याने हर्क्युलीसच्या गाठीने बांधलेली जखम लवकर भरते, असा समज नोंदवला आहे. ही गाठ म्हणजे आजची रीफ गाठ होय.

विसाव्या शतकात कृत्रिम धाग्यांमुळे दोन्ही क्षेत्रे अधिक जवळ आली. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. पुढे त्याच पदार्थापासून शस्त्रक्रियेचे टाके, गळाची दोरी व मासेमारीची जाळी बनू लागली. ३-० या क्रमांकाच्या कृत्रिम टाक्याच्या धाग्याची जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर असते. गळाची बारीक दोरीही साधारण इतक्याच जाडीची असते. मात्र शस्त्रक्रियेचा धागा निर्जंतुक व ठरावीक मानकांनुसार बनवलेला असतो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा वापरता येत नाही.

शस्त्रक्रियेतील गाठी

धाग्याची दोन टोके एकमेकांभोवती फिरवून ओढली की एक पेच तयार होतो. शस्त्रक्रियेतील गाठी अशा पेचांच्या क्रमाने बनतात.

रीफ गाठ: एकमेकांविरुद्ध दिशेने घातलेल्या दोन पेचांची सपाट गाठ. दोन्ही पेच एकाच दिशेने घातले तर ग्रॅनी गाठ होते. ती दिसायला जवळपास तशीच असली तरी अधिक सहज सरकते.

सर्जन गाठ: हिच्या पहिल्या पेचात धागा एकाऐवजी दोनदा फिरवतात. जखमेच्या कडा एकमेकींपासून दूर ओढल्या जात असतात. दुहेरी वेढ्याच्या घर्षणामुळे दुसरा पेच घालेपर्यंत पहिला सैल पडत नाही.

सरकती गाठ: शरीराच्या खोल भागात किंवा दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियेत गाठ बाहेर तयार करून आत सरकवली जाते व नंतर जास्तीच्या पेचांनी पक्की केली जाते. रोडर गाठ हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

वळलेल्या रेशमी धाग्याला साधारणपणे ३ पेच पुरतात. पॉलिप्रॉपिलिनसारख्या गुळगुळीत एकतंतू धाग्याला ५ ते ६ पेच घालण्याची पद्धत आहे. पेच वाढले की सुरक्षितता वाढते, पण शरीरात राहणाऱ्या परक्या पदार्थाचे प्रमाण व जंतुसंसर्गाची शक्यताही वाढते.

मासेमारीतील गाठी

जाळ्याची गाठ: जाळ्याच्या प्रत्येक आसाच्या कोपऱ्यावर ही गाठ असते. तिची रचना जहाजांवरील शीट बेंड या गाठीसारखीच आहे. नायलॉनवर ती सरकू नये म्हणून दुहेरी गाठ घालतात किंवा विणलेले जाळे उष्णता देऊन स्थिर करतात.

क्लिंच गाठ: गळ बांधण्यासाठी दोरी गळाच्या छिद्रातून ओवून मूळ दोरीभोवती साधारण पाच वेढे देतात व टोक छिद्राजवळच्या फासातून काढतात.

सर्जन्स नॉट: दोन दोऱ्या जोडण्यासाठी त्या शेजारी ठेवून एकत्रच फास करतात व त्यातून टोके दोनदा काढतात. दोनदा फिरवण्याच्या साम्यामुळे नाव सारखे पडले असले तरी ही शस्त्रक्रियेतील सर्जन गाठ नव्हे.

डंकन लूप किंवा युनि गाठ: दोरी दुमडून केलेल्या फासातून टोक दोन्ही पदरांभोवती चार ते सहा वेळा फिरवतात. ही सरकती गाठ असून मासेमारीतून प्रसिद्ध झाली. पुढे ती दुर्बिणीद्वारे होणाऱ्या खांद्याच्या शस्त्रक्रियेतही वापरली जाऊ लागली.

नायलॉनची दोरी ओढण्यापूर्वी ओली करतात, कारण कोरड्या दोरीत घर्षणाने निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे ती कमकुवत होते.

सोलापूर जिल्ह्यातील संदर्भ

सोलापुरात १८७७ मध्ये कापड गिरणी सुरू झाली. पुढे हे शहर हातमाग व यंत्रमागासाठी प्रसिद्ध झाले. मागावर ताण्याचा धागा तुटला की विणकर तो विणकर गाठीने जोडतो. ही गाठ लहान व चपटी असल्याने फणीच्या बारीक फटीतून निघून जाते व कापडात सहसा दिसत नाही. रचनेच्या दृष्टीने विणकर गाठ, शीट बेंड आणि जाळ्याची गाठ या एकच आहेत. फरक फक्त ती घालण्याच्या पद्धतीत आहे. विणकर ती बोटांनी घालतो, तर जाळे विणणारा सुईवर गुंडाळलेल्या धाग्याने आधीच्या ओळीतील आसाला घालतो.

माढा तालुक्यातील उजनी येथे भीमा नदीवरील धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयात कटला, रोहू, मृगळ व चिलापी या माशांची मासेमारी चालते. जाळी आता प्रामुख्याने यंत्रावर विणलेली असतात, पण फाटलेले जाळे हातानेच दुरुस्त करावे लागते. मासा कल्ल्यांपाशी अडकवणाऱ्या जाळ्यात गाठ सरकली तर आसाचा आकार बदलतो. लहान झालेल्या आसात वाढ न झालेले मासे अडकतात, तर मोठ्या झालेल्या आसातून अपेक्षित मासा निसटतो.

सोलापुरातील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. अन्य वैद्यकीय महाविद्यालयांप्रमाणेच येथील शिक्षणातही गाठ घालणे हे शस्त्रक्रियेचे प्राथमिक कौशल्य मानले जाते.

तुलना

दोन्ही क्षेत्रांतील सर्वांत मोठा फरक रीफ गाठीच्या संदर्भात दिसतो. दोन दोऱ्या जोडण्यासाठी ही गाठ धोकादायक समजली जाते. तिचे एक टोक झटक्याने सरळ ओढले तर गाठ उलटते व दोर सुटतो. अमेरिकी लेखक क्लिफर्ड अ‍ॅश्ले यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात तिच्या अशा वापराविरुद्ध इशारा दिला आहे. तीच गाठ शस्त्रक्रियेत मूलभूत मानली जाते. तेथे ती ऊतीवर टेकलेली असते, वर आणखी पेच घातलेले असतात व झटके क्वचितच बसतात. शल्यचिकित्सकाने एकच टोक अधिक ओढले तर मात्र तेथेही ती सरकती गाठ बनते. खोल भागात टाका खाली नेताना या गुणाचा हेतुपूर्वक उपयोग केला जातो.

भाराचे स्वरूपही वेगळे असते. गळाच्या गाठीला माशाचे वारंवार हिसके सोसावे लागतात, म्हणून तिच्यात वेढे अधिक असतात. जाळ्याच्या गाठीवर अनेक दिशांनी ताण येतो व ती दीर्घकाळ टिकावी लागते. टाक्याची गाठ जखम भरेपर्यंत टिकली तरी पुरते. विरघळणाऱ्या धाग्याची गाठ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत नाहीशी होते. मात्र नायलॉनचे हरवलेले जाळे पाण्यात वर्षानुवर्षे राहते व त्याच्या न सुटणाऱ्या गाठींमुळे मासे व पाणपक्षी अडकत राहतात. म्हणून गाठीचे मूल्यमापन तिच्या ताकदीबरोबरच धागा, भार व आवश्यक कालावधी लक्षात घेऊन केले जाते.