चकवा

पडद्यावर ६७५ नॅनोमीटरपाशी खोल खळगा दिसला आणि मी खूश झाले. क्युव्हेटमध्ये, म्हणजे नमुन्याच्या पारदर्शक कुपीत, पालकाच्या पानांतून काढलेली, प्रकाश गोळा करणारी प्रथिनं होती. लेझरचा पहिला झोत, पंप, त्यातल्या हरितद्रव्याला उत्तेजित करतो. किंचित उशिरा येणारा दुसरा, प्रोब, शोषण मोजतो. उत्तेजित रेणू कमी शोषतात, म्हणून खळगा. सेकंदाला १००० स्पंद, प्रत्येक सुमारे १०० फेम्टोसेकंदांचा. तेवढ्यात प्रकाश जेमतेम ३० मायक्रॉन पुढे जातो, त्यामुळे दोन झोतांतला उशीर आरसे सरकवूनच साधायचा.

सवयीनं आरसे मागे नेले. आता प्रोब पंपाच्या आधी पोचत होता. तरीही खळगा जागच्या जागी! उत्तेजित व्हायच्या आधीच रेणू उत्तेजित?

चकवा लागला होता. प्रथिनांचे पुंजके होऊन द्रावण गढुळलं होतं आणि पंपाचा विखुरलेला प्रकाश थेट डिटेक्टरमध्ये शिरत होता. यंत्राच्या लेखी जादा प्रकाश म्हणजे कमी शोषण. एकाआड एक पंपस्पंद अडवणारी चॉपरची चकतीही हतबल, कारण हा प्रकाश पंपाबरोबरच येतो-जातो. साधा गोंगाट सरासरीनं विरतो, निम्मा करायला चौपट वेळ लागतो एवढंच. चकवा मात्र सरासरीनं आणखी ठसठशीत होतो.

आधी हाताचे उपाय केले. द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ बसवला, क्युव्हेट पुसली, नमुन्यापुढची आयरिस, म्हणजे लहानमोठं होणारं छिद्र, आवळली. मग प्रोबच्या वाटेतही चॉपर लावला: दोन्ही झोत, फक्त पंप, फक्त प्रोब, काहीच नाही. या चार मोजण्यांतून ‘फक्त पंप’ वजा करता येतो.

खळगा बराच उथळ झाला, पण त्यावर बारीक लाटा उरल्या. विखुरलेला पंप आणि प्रोब यांच्या व्यतिकरणाच्या त्या लाटा. उशीर वाढवला की दाट होणाऱ्या. दोघं एकत्र आल्याशिवाय त्या उठतच नाहीत, मग ‘फक्त पंप’मधून वजा कशा होणार? इलाज गमतीचा आहे: पंपाच्या वाटेतला एक आरसा मुद्दाम थरथरवायचा. वाट अर्ध्या तरंगलांबीनं, म्हणजे सुमारे ३४० नॅनोमीटरनं बदलली की लाटेच्या चढाच्या जागी उतार येतो आणि सरासरीत दोन्ही फिटतात. उशिरात फरक पडतो तो जेमतेम १ फेम्टोसेकंदाचा. खरा संकेत त्याला दाद देत नाही.

पहाटे शून्य उशिराच्या, म्हणजे दोन्ही झोत एकदम पोचण्याच्या क्षणाच्या, अलीकडे सपाट रेघ मिळाली. पलीकडचा खळगा आता इवलासा होता, पण आरसे सरकवले की भरत जाणारा. तेव्हापासून नवा नमुना लावला की मी आधी शून्याअलीकडेच बघते. तिथे काही दिसलं, तर पुढचं बघायची घाई करत नाही.