संगणक जाळ्यातील बदलत्या जोडण्या आणि कॉन्फिगरेशन मॉड्यूलची रचना

प्रस्तावना :
महाविद्यालयांतील संगणकांची संख्या वाढत गेली, तसे प्रत्येक यंत्राची मांडणी हाताने करणे अशक्यप्राय झाले. याच गरजेतून कॉन्फिगरेशन व्यवस्थापनाची साधने निर्माण झाली. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ओस्लो येथे 'सीएफइंजिन'ची सुरुवात केली. पुढे २००५ मध्ये 'पपेट' व २०१२ मध्ये 'अ‍ॅन्सिबल' ही साधने आली. यंत्राची इच्छित स्थिती एकदा लिहून ठेवावी आणि मॉड्यूलने यंत्र त्या स्थितीत आणावे, हे त्यांमागील तत्त्व होय.

समस्येचे स्वरूप :
फाइलबाबत हे तत्त्व सहज लागू पडते. जाळ्याच्या जोडणीबाबत मात्र ते अपुरे ठरते. जोडणीचा वेग दोन्ही टोकांवरील उपकरणे आपसांत ठरवितात, तर पत्ता बहुधा डीएचसीपी सर्व्हर देतो. समजा, नाशिकच्या इंदिरानगरातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत केबलमधील तारांची एक जोडी तुटली. गिगाबिट इथरनेटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे अनेक कार्डे अशा वेळी खालच्या वेगावर उतरतात व काम चालू राहते. परंतु मॉड्यूलमध्ये '१००० मेगाबिट' अशी सक्ती असेल, तर ते या वेगाला बिघाड मानून जोडणी पुन्हा सुरू करील. पपेटची तपासणी मुळात दर ३० मिनिटांनी होते. म्हणजेच ऑनलाइन परीक्षेत विद्यार्थ्याची जोडणी दर अर्ध्या तासाने खंडित होईल आणि केबल मात्र तुटलेलीच राहील.

रचनेची तत्त्वे :
१) इच्छित व प्रत्यक्ष स्थिती स्वतंत्रपणे नोंदवाव्यात. २०१८ च्या 'आरएफसी ८३४२' या मानक दस्तऐवजात हाच भेद स्पष्ट केला आहे.
२) व्यवस्थापकाने ठरविलेल्या बाबीच मॉड्यूलने बदलाव्यात, वाटाघाटीतून ठरणाऱ्या बाबींत तफावत आढळल्यास केवळ सूचना द्यावी.
३) लिखित मांडणी बदलली असेल तरच जोडणी पुन्हा सुरू करावी.
४) बदलामुळे संपर्कच तुटण्याचा संभव असल्याने परतीची सोय असावी. 'नेटकॉन्फ'मधील पर्यायी सुविधेत पुष्टी न मिळाल्यास ६०० सेकंदांनी पूर्वीची मांडणी आपोआप परत येते. ही मुदत बदलताही येते.

निष्कर्ष :
सारांश, जोडणीतील प्रत्येक बदल हा दोष नसतो. कित्येकदा तो दोषाची खूण असतो. ती खूण पुसून टाकणाऱ्या मॉड्यूलपेक्षा ती व्यवस्थापकापर्यंत पोहोचविणारे मॉड्यूल अधिक उपयुक्त ठरते.