गळा साथ देत नाही तेव्हा

नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या आमच्या केळझरला रबिउल अव्वलच्या महिन्यात बायकांचा मिलाद भरतो. यंदा आमच्या घरातली 11 वर्षांची मुलगी पहिल्यांदाच नात म्हणायला उभी राहिली. महिनाभर तिनं तयारी केली होती. भांडी घासताना, दप्तर भरताना, अंगणात झाडू मारताना तिच्या तोंडी तीच नात असायची. शब्द तोंडपाठ, तलफ्फुज स्वच्छ. सूर मात्र पहिल्या ओळीलाच सुटला आणि शेवटपर्यंत हाती लागला नाही. मागच्या रांगेतल्या मुली ओढणीत तोंड लपवून हसल्या. तिनं ते पाहिलं, तरीही नात पुरी केली.

घरी आल्यावर तिनं विचारलं, “मी वाईट म्हणते का?”

घरातल्या एकानं सांगितलं, “नाही बेटा, फार छान म्हणतेस.” दुसऱ्यानं सांगितलं, “सोड आता, पुढच्या वर्षी उभी राहू नकोस.” तिला दोन्ही उत्तरं पटली नाहीत. खरं तर आम्हालाही पटली नव्हती.

त्याच आठवड्यात आम्ही घरी ‘द डिसायपल’ हा मराठी सिनेमा पाहिला आणि तोच प्रश्न पुन्हा समोर आला. संगीताबद्दल आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्या वादात आम्हाला शिरायचं नाही. आमचा प्रश्न माणसाचा आहे. एखाद्याला ओढ खूप असते, पण देणगी कमी असते. अशा माणसाशी त्याच्या जवळच्यांनी कसं वागावं?

न सांगितलेलं सत्य

चैतन्य ताम्हाणे यांचा हा सिनेमा 2020 साली व्हेनिसच्या महोत्सवात स्पर्धेत होता. तिथं त्याला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. गोष्ट मुंबईतल्या शरद नेरूळकर या तरुणाची आहे. त्याला शास्त्रीय गायक व्हायचं आहे. बापालाही गाण्याचं वेड होतं आणि त्यालाही यश आलं नव्हतं. शरद पहाटे रियाज करतो, गुरुजींच्या अंगाला तेल लावतो, त्यांच्या दवाखान्याचा खर्च उचलतो. रात्री रिकाम्या रस्त्यांवर मोटरसायकल चालवताना कानात एका थोर गायिकेची जुनी व्याख्यानं ऐकतो. कष्टात तो कुठेच कमी पडत नाही. पण गाण्यात जीव उतरायला हवा, तो उतरत नाही.

सिनेमा पाहताना आम्हाला एक गोष्ट फार बोचली. गुरुजी चुका काढतात, रागावतात. आजी लग्नाचं बघ म्हणते. पण कुणी त्याला जवळ बसवून प्रेमानं खरं बोलत नाही. वर्षं सरतात. शेवटी एका मैफिलीत तो गाता गाता थांबतो आणि मंचावरून उठून जातो. इतक्या वर्षांचा निर्णय त्याला भर सभेत, एकट्यानं घ्यावा लागतो.

शरदचं काम करणारे आदित्य मोडक स्वतः शास्त्रीय गायन शिकलेले आहेत. गुरुजी झालेले डॉ. अरुण द्रविड हे तर मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले. ही परंपरा मागं मागं जात जयपूर-अत्रौली घराण्याच्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांपर्यंत (1855-1946) पोचते. शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारचे ते गायक, मोगूबाईंचे आणि केसरबाई केरकरांचे उस्ताद.

खाँसाहेबांची एक हकीकत इथं सांगण्यासारखी आहे. तरुणपणी एका संस्थानात अतोनात गावं लागल्यानं त्यांचा आवाज बसला आणि पहिल्यासारखा पुन्हा कधी झाला नाही. त्यांनी गेलेल्या आवाजाचा हट्ट धरला नाही. उरलेल्या आवाजाला जमेल अशी पेचदार, बुद्धीची गायकी त्यांनी घडवली. देणगी त्यांच्याकडे होतीच, पण स्वतःच्या गळ्याची मर्यादा त्यांनी खुल्या मनानं मान्य केली, हेही तितकंच खरं.

खोटी वाहवा

न बोलण्याची ही एक तऱ्हा झाली. याच्या उलट तऱ्हा अमेरिकेत घडली. 1868 साली जन्मलेल्या फ्लोरेन्स फॉस्टर जेंकिन्स या श्रीमंत बाईंना ऑपेराचं वेड होतं. सूर आणि ताल दोन्ही हाताबाहेर. पण पैसा होता, माणसं जोडण्याचा स्वभाव होता आणि संगीतासाठी त्या सढळ हातानं खर्च करत. त्यांचे जोडीदार सेंट क्लेअर बेफिल्ड कार्यक्रमाला ओळखीचेच लोक बोलवायचे आणि टीकाकारांना लांब ठेवायचे. वर्षानुवर्षं बाईंच्या कानावर फक्त टाळ्या आल्या.

मग 25 ऑक्टोबर 1944 रोजी, 76 व्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायचं ठरवलं. तिकीट विकत घेऊन कुणीही येऊ शकत होतं. सगळी तिकिटं संपली. लोक पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी वाभाडे काढले. महिन्याभरानं, 26 नोव्हेंबरला, बाई वारल्या. त्यांच्यावर 2016 साली सिनेमा निघाला. मेरिल स्ट्रीप यांनी ती बेसूर गाणी स्वतः गायली आहेत. सिनेमा आधी हसवतो, पण थोड्या वेळानं आपल्याच हसण्याची लाज वाटू लागते.

बेफिल्ड यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण त्यांनी बाईंभोवती जी भिंत बांधली होती, ती एका रात्रीत पडली. घरात आपण मुलांना “छान, छान” म्हणत राहतो तेव्हा अशीच भिंत बांधत असतो. बाहेरच्या जगाला आपल्या मुलाची माया नसते. ते पहिल्याच दिवशी ती पाडतं.

अजानचं स्वप्न

शरदच्या वाट्याला मौन आलं, जेंकिन्सबाईंच्या वाट्याला खोटी तारीफ. मग खरं कसं सांगावं? याचं उत्तर आम्हाला आपल्याच इतिहासात सापडलं.

मदिनेत लोकांना नमाजसाठी कसं बोलवावं, याचा विचार चालला होता. हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांना स्वप्नात अजानचे शब्द ऐकू आले. त्यांनी ते प्रेषितांना (स.) सांगितले. स्वप्न खरं आहे, असं प्रेषितांनी (स.) मान्य केलं. पण अजान देण्याचं काम त्यांना दिलं नाही. बिलालचा आवाज तुमच्यापेक्षा चांगला आहे, तेव्हा हे शब्द त्यांना शिकवा, असं सांगितलं.

ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो, पण या बाजूनं तिच्याकडे क्वचितच पाहतो. आवाजाबद्दलची खरी गोष्ट तोंडावर सांगितली गेली. ती सांगताना अपमान झाला नाही, आणि माणसाला रिकाम्या हातानं परतही पाठवलं नाही. स्वप्न ज्यांचं होतं, शिकवण्याचा मान त्यांनाच मिळाला.

हसणाऱ्यांसाठी तर सूरह हुजुरातची ताकीद आहेच. दुसऱ्याची टिंगल करू नये, कारण ज्याला हसतो तो आपल्याहून बरा असू शकतो. आणि कुरआन अडखळत, कष्टानं वाचणाऱ्याला दुहेरी सवाब आहे, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जे सहज जमत नाही त्यासाठी केलेली मेहनत अल्लाहच्या दरबारी वाया जात नाही. मंच मिळो वा न मिळो.

आम्ही काय सांगितलं

जुम्याच्या दुपारी आम्ही मुलीला जवळ बसवलं. सूर सुटतो, हे सांगितलं. तलफ्फुज सगळ्यांत स्वच्छ तुझंच होतं, हेही सांगितलं, कारण तेही खरंच होतं. सूर शिकून थोडा सुधारेल, किती ते आज कुणालाच सांगता येणार नाही. नात म्हणायला कुणाची मनाई नाही. घरात रोज म्हण, पुढच्या वर्षी चौघींच्या साथीत म्हण. आणि मोहल्ल्यातल्या लहान मुलींना शब्द नीट शिकवायला कुणीतरी हवंय, ते काम तू करशील का, असं विचारलं.

ती रडली. दोन दिवस आमच्याशी धड बोलली नाही. खरं बोलण्याची किंमत असते, ती घरच्यांनाच मोजावी लागते. तिसऱ्या दिवशी मगरिबनंतर शेजारच्या दोन लहान मुली वही घेऊन ओट्यावर आल्या. आमची लेक त्यांना एकेक शब्द म्हणून दाखवत होती. मधेच स्वतःच गाऊ लागली, नेहमीसारखीच बेसूर. मुली तिच्यामागून म्हणू लागल्या. कुणी हसलं नाही.