तारेला पाणी देताना

पोलादाचा ५० मिलिमीटर जाडीचा दांडा भट्टीत लाल करून तेलात विझवला की त्याच्या अंगावर काळी खपली धरते. ही खपली म्हणजे दांड्याचेच जळलेले लोखंड. समजा, तिच्यापायी सगळीकडून ०.०२ मिलिमीटर धातू गेला. दांडा ४९.९६ मिलिमीटरचा राहिला आणि त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ हजारात दीड-दोन भागांनी घटले. कोणाच्या लक्षातही येणार नाही. आता त्याच भट्टीत १ मिलिमीटरची तार घाला. तिच्या अंगावरूनही तेवढाच थर गेला, तर क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी घटते. तार ०.३ मिलिमीटरची असेल तर चौथा हिस्सा गेला म्हणायचे. म्हणून तारेला पाणी देणे, म्हणजे ती कठीण करून मग टेंपर करणे, हे विळ्याला किंवा छिन्नीला पाणी देण्याहून वेगळे काम आहे. खपली टाळणे हे अनेकांना अखेरचे, दिखाऊ काम वाटते. जमले तर करावे, नाहीतर पॉलिश करून घ्यावे. तारेच्या बाबतीत ते ताकदीचेच काम आहे, असे मला मांडायचे आहे. आणि त्याला जोडूनच दुसरे, जे सहसा कोणी बोलत नाही: तार भट्टीतून चकचकीत निघाली म्हणजे ती चांगली निघाली, असे नाही.

आधी पोलादाच्या आत काय घडते ते पाहू. स्प्रिंगच्या तारेत साधारण ०.६ ते ०.९ टक्के कार्बन असतो. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि नव्या मांडणीत हा कार्बन विरघळतो. अशा वेळी तार झटकन गार केली, तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो अडकून बसतो आणि मांडणी ताणली जाते. हेच ते मार्टेनसाइट, काचेसारखे कठीण आणि तितकेच ठिसूळ. मग ते पुन्हा बेताने तापवायचे, म्हणजे थोडा कठीणपणा सोडून लवचीकपणा मिळतो. या सगळ्या खेळात कठीणपणा येतो तो कार्बनमुळे, आणि स्प्रिंगमध्ये त्याची सर्वांत जास्त गरज पृष्ठभागावर असते. गुंडाळीची स्प्रिंग दाबली की तिची तार पिळली जाते. पिळाचा ताण तारेच्या मध्यावर शून्य आणि कडेला सर्वाधिक असतो. मोटारीचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर व्हॉल्व्हची स्प्रिंग मिनिटाला ३००० वेळा दबते, आणि सुमारे ५५ तासांत १ कोटी वेळा. एवढ्या दाबण्यात तडा जायचा तो बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या एखाद्या खड्ड्यापासून, ओरखड्यापासून किंवा मऊ पडलेल्या जागेपासूनच सुरू होतो. तारेचा गाभा कितीही उत्तम असो, त्याची परीक्षा व्हायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

मग जळलेल्या लोखंडाचा हा थर, म्हणजे ऑक्साइड, जुन्या कारागिरांनी इतकी वर्षे चालवून कसा घेतला? कारण तोच त्यांचा तापमापक होता. पाणी दिलेले पोलाद घासून स्वच्छ केले आणि हळूहळू तापवले, की २२० ते २३० अंशांच्या सुमारास त्यावर फिकट पिवळी झाक येते, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळी आणि ३०० ला निळी. पावसात रस्त्यावरच्या पाण्यावर तेलाचा तवंग जसा रंग दाखवतो, तसाच हा रंग पातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. रॉबर्ट हूकने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’त पोलादावरच्या या रंगांचा विचार पातळ थरांच्या संदर्भातच केला आहे. रंग पाहून टेंपर ठरवायचा, तर ऑक्साइड धरू देणे भाग आहे. हवा तोडली की रंगही गेले आणि कारागीर आंधळा झाला. शिवाय रंग हा फसवा साक्षीदार आहे. तापमान तेच ठेवून तार जास्त वेळ भट्टीत राहिली तरी रंग पुढे सरकतो, आणि मिश्रधातूंचे पोलाद वेगळ्याच तापमानाला तोच रंग दाखवते. बारीक तारेवर तर पिवळ्यापासून निळ्यापर्यंतचा प्रवास डोळ्यांदेखत उरकतो. आंरी ल शातेलिएने १८८०च्या दशकात प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तारांचा थर्मोकपल वापरात आणला, तेव्हा तापमान रंगापासून सुटे झाले. ऑक्साइडविना टेंपर करणे त्यानंतर बरेच सोपे झाले. त्यात भट्टीत हवेऐवजी भरलेल्या वायूंइतकाच वाटा या मोजमापाचा आहे.

इथे एक घोळ सोडवायला हवा. ऑक्साइड म्हणून जो सरसकट बदनाम होतो, तो एक नाही. टेंपरचा निळा रंग देणारा थर मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाच्या आगेमागे असतो; वर धरलेली खपली त्याच्या शेकडो पट जाड. खपली धरते ती पाणी देण्याआधीच्या ८००-९०० अंशांच्या तापात. ५७० अंशांच्या वर लोखंडावर तीन वेगवेगळ्या ऑक्साइडांचे थर बसतात आणि त्यांतला लोखंडाला चिकटून असलेला आतला थर सर्वांत भराभर वाढतो. वाढीचा हिशेब मात्र थोडा दिलासा देणारा आहे: वेळ चौपट केला तर जाडी दुप्पट होते. बारीक तार काही सेकंदांत तापते, म्हणून इंडक्शनने किंवा तारेतूनच वीज सोडून तापवणाऱ्या यंत्रांना हवेतही बऱ्यापैकी स्वच्छ काम जमते. तेव्हा काळजी करायची ती पहिल्या तापाची. टेंपरच्या निळाईवर नाक मुरडण्यात अर्थ नाही. तेलात विझवून टेंपर केलेली स्प्रिंगची तार निळसर करड्या थरासह विकली जाते, आणि स्प्रिंग गुंडाळणाऱ्या यंत्रावर तो थर वंगणाला धरून ठेवतो म्हणून कारखान्यांना तो हवाच असतो.

यावर एक साधा आक्षेप येतो. खपली धरली तर धरू द्या, नंतर ॲसिडमध्ये बुडवून काढा. मऊ तारेच्या बाबतीत हे रोज होते, त्यात गैर काही नाही. पण पाणी दिलेली कठीण तार ॲसिडमध्ये गेली की ॲसिडातून सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि पोलाद जितके कठीण तितके ते या हायड्रोजनने जास्त ठिसूळ होते. अशी तार तपासणीत पास होऊन नंतर ताण सहन करताना अवचित तुटू शकते. हलका ताप देऊन हायड्रोजन बराचसा घालवता येतो, पण जळून गेलेला धातू परत येत नाही. आणि खपलीच्या खालच्या पोलादातून गेलेला कार्बनही परत येत नाही.

कार्बनची ही गोष्ट नीट पाहिली पाहिजे, कारण चकाकीचा भ्रम इथेच फुटतो. तापलेल्या पोलादाशी हवेतला ऑक्सिजन, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड हे सगळे दोन प्रकारे वागतात: लोखंड जाळतात आणि पृष्ठभागातला कार्बन ओढून नेतात. या दोन्ही गोष्टी थांबवायला लागणारी परिस्थिती एकच असेल, असे आपण गृहीत धरतो. ती एक नाही. ८०० अंशांना हायड्रोजन पाण्याच्या वाफेच्या दोन-अडीच पट असला की लोखंडाचा ऑक्साइड बनतच नाही. म्हणजे बराच ओला वायूही तारेला चकचकीत ठेवतो. पण ०.८ टक्के कार्बन जागेवर राहायचा, तर तेवढ्याने भागत नाही. गॅस आणि हवा यांच्या नियंत्रित ज्वलनातून भट्टीसाठी जो नेहमीचा वायू करतात, त्यात साधारण ४० टक्के नायट्रोजन, ४० टक्के हायड्रोजन आणि २० टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. अशा पोलादासाठी त्यातली वाफ सुमारे १ टक्क्यावर आणावी लागते, म्हणजे हायड्रोजन वाफेच्या चाळीस पट. दोन-अडीच पट आणि चाळीस पट यांच्यामध्ये जो मोठा पट्टा उरतो, त्यात तार आरशासारखी निघते आणि तरीही तिचा वरचा थर कार्बन गमावून मऊ झालेला असतो. उलट, उघड्या भट्टीत खपली भरभर वाढली तर हा मऊ थर काही वेळा तिच्याबरोबरच जळून जातो. काळ्या तारेचा पृष्ठभाग चकचकीत तारेहून कठीण सापडण्याचा विचित्र प्रकार त्यामुळे घडू शकतो. भट्टीच्या वायूचा दवबिंदू मोजणे म्हणूनच महत्त्वाचे. कामगाराच्या डोळ्याला चकाकी कळते. वायूतला ओलावा मोजायला उपकरण लागते.

वायू निष्क्रिय असेल तर हा प्रश्नच मिटला, असे अनेकांना वाटते. आर्गॉन ना जाळतो, ना कार्बन खातो. खरे आहे, पण बाटलीतल्या आर्गॉनबद्दल तितके खरे नाही. ९९.९९९ टक्के शुद्ध आर्गॉनमध्येही लाखात एक भाग अशुद्धी असू शकते, आणि ८०० अंशांच्या लोखंडाला ऑक्साइड होण्यासाठी लागणारा ऑक्सिजन त्याच्या कोट्यवधी पटींनी कमी असतो. तरीही आर्गॉन उपयोगी पडतो, तो ऑक्सिजनचा एकूण साठाच तुटपुंजा असतो म्हणून. बंद नळीत थोडा वायू कोंडला तर त्यातला ऑक्सिजन लगेच संपतो. वायू सतत वाहता ठेवला, की ताजा ऑक्सिजनही सतत येत राहतो. निर्वात भट्टीचेही तेच, आणि तिची आणखी एक अडचण अशी, की गुंडाळीच्या आतल्या वेढ्यांपर्यंत गारवा वेळेत पोहोचत नाही. जुन्या कारागिरांच्या युक्त्याही ऑक्सिजनचा साठा तोडण्याच्याच तत्त्वावर चालतात. लोखंडी डबीत कोळशाची पूड भरून त्यात तार ठेवली की कोळसा कोंडलेला ऑक्सिजन खाऊन टाकतो. घड्याळजी लहान भागावर बोरिक ॲसिडचा किंवा साबणाचा लेप देत. बोरिक ॲसिड वितळून काचेसारखा थर धरते. सोनार टाकणखार वापरतो तेही याच कारणासाठी. एखाद्या स्प्रिंगसाठी किंवा तारेच्या लहान तुकड्यासाठी या युक्त्या पुरेशा आहेत. त्या हसण्यावारी नेऊ नयेत. पण शेकडो किलोमीटर तार सारखी निघायला हवी असेल, तिथे डबी आणि लेप कामाचे नाहीत.

तिथे चालते ती सलग ओळ. तार रिळावरून सुटते, संरक्षक वायू भरलेल्या नळ्यांतून जाताना तापते आणि नळीचे तोंडच तेलात बुडवलेले असल्याने हवा न लागता विझते. पुढे वितळलेल्या शिशात टेंपर होते. शिसे ३२७ अंशांना वितळते, उष्णता झपाट्याने देते आणि हवेला तारेपर्यंत पोहोचू देत नाही. पोलाद शिशाहून हलके असल्याने तार वर तरंगू पाहते, म्हणून ती खाली दाबून धरावी लागते, आणि शिशाचाच ऑक्साइड होऊ नये म्हणून त्यावर कोळशाचा थर पसरतात. शिशाच्या कुंडाची वंशावळ जुनी आहे. बर्मिंगहॅमचा जेम्स हॉर्सफॉल याने १८५४ मध्ये पोलादी तारेवरील उष्णतेच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. त्याची भागीदारी असलेल्या वेबस्टर अँड हॉर्सफॉलने पुढे १८६६ च्या अटलांटिक तारायंत्राच्या केबलसाठी सुमारे १६०० टन चिलखती तार पुरवली. शिशाची किंमत कामगारांच्या रक्तात मोजली जाते, हे मात्र विसरता येत नाही. आज त्याला पर्याय म्हणून वाळूचे हवेवर तरंगते कुंड आणि पाण्यातली पॉलिमरची द्रावणे पुढे आली आहेत, आणि जिथे ती पुरतात तिथे शिसे सोडायला उशीर करण्याचे कारण नाही.

आणखी एक आक्षेप जाणकारांकडून येईल. सतारीची किंवा पियानोची तार तर पाणी देऊन कठीण करतच नाहीत. ती भोकांच्या साच्यांतून गार ओढून कठीण होते. मग हा सगळा खटाटोप कशाला? शिकलगारांच्या हातून पुढे आलेला मिरजेचा सतार-तंबोऱ्याचा व्यवसाय, ज्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोही याच ओढीव पोलादी तारेवर उभा आहे. पण ओढण्याआधी त्या तारेलाही ९०० अंशांच्या पुढे तापवून ५००-५५० अंशांच्या कुंडात घ्यावेच लागते, नाहीतर ती इतकी ओढ सोसत नाही. तिथे धरलेली खपली साच्यात शिरली तर साचा खरवडतो आणि तारेवर लांबलचक रेघ उमटते. तिथे गेलेला कार्बन तर तारेबरोबर शेवटपर्यंत ओढला जातो. ओढीव तार पृष्ठभागाच्या प्रश्नातून सुटत नाही, तो प्रश्न तिच्या आयुष्यात थोडा आधी येतो इतकेच. व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या तारेसाठी तर गरम लाटून आलेल्या सळईचे वरचे साल खरवडूनच काढतात, कारण लाटतानाच तिचा कार्बन थोडाफार गेलेला असतो.

तेव्हा स्प्रिंगची तार घेणाऱ्याने ऑर्डरीत नुसते ‘ब्राइट’ लिहून थांबू नये. आपल्याकडे तेलात विझवून टेंपर केलेल्या तारेसाठी आयएस ४४५४ चा दुसरा भाग आहे. त्याच्या जोडीला कार्बन उडालेला थर किती खोल चालेल, हे मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावे. तपासणी काही अवघड नाही. तारेचा आडवा छेद घासून आरशासारखा करायचा, अल्कोहोलमधल्या सौम्य नायट्रिक ॲसिडने क्षणभर खाऊ द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. कार्बन शाबूत असेल तर छेद कडेपर्यंत एकसारखा गडद दिसतो; गेला असेल तर कडेने पांढरट वळे उमटते आणि त्याची रुंदी मोजता येते. शंका राहिली तर कडेपासून गाभ्याकडे सूक्ष्म कठीणपणाच्या खुणा घेत जायचे. पुरवठादाराने या दोन तपासण्यांचे अहवाल रिळाबरोबर द्यायला नकार दिला, तर तार कितीही चकचकीत असली तरी ती साध्या दाराच्या स्प्रिंगसाठी ठेवावी आणि इंजिनासाठी दुसरीकडून मागवावी.